मदत हवी आहे: गवताचे इष्टतम पीएच २.३९ कसे येते?

शेवाळ: एका गवताच्या प्रजातीचा मातीच्या पीएचला मिळणारा प्रतिसाद मी आर या संगणकीय भाषेत जीएलएमने (सामान्यीकृत रेषीय प्रतिमानाने) बसवला आहे. इष्टतम मूल्याचे नेहमीचे सूत्र, म्हणजे उणे बी१ भागिले दोन बी२ (बी१ पीएचचा गुणांक, बी२ त्याच्या वर्गाचा), वापरल्यावर उत्तर २.३९ येते; इतकी आम्ल माती माझ्या एकाही नमुन्यात नाही. सूत्र दहा वेळा तपासले आहे. परवा सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगावे.

पाणकणीस: विदा उपस्थिती-अनुपस्थितीची की आच्छादनाची? क्वाड्राट (नमुन्याच्या चौकटी) किती, पीएच कुठून कुठपर्यंत? एवढे कळल्याशिवाय निदान करणार कसे?

वक्ररेषा: मुळात द्विघाती सूत्राचा हट्ट सोडावा. प्रत्येक प्रतिसाद घंटेसारखा सममित असतोच असे नाही. गॅम (वक्राचा आकार विदेवरूनच ठरवणारे प्रतिमान) वापरा, मी कित्येक वर्षांत दुसरे काही वापरलेले नाही.

पाणकणीस: त्यांनी इष्टतम मूल्य विचारले आहे, पद्धत नव्हे.

शेवाळ: उपस्थिती-अनुपस्थिती; १२० क्वाड्राट, त्यांपैकी ३१ मध्ये प्रजाती आढळली; पीएच ४.१ ते ५.८. बी१ ७.९ आणि बी२ उणे १.६५.

दगडफूल: उंची आणि आर्द्रता यांचा आपसांतला सहसंबंध आधी तपासावा.

शेवाळ: चल एकच आहे, पीएच.

घातांक: वर्गपद आरमधल्या पॉली या फलनाने घातले आहे का? ते आपणहून लांबिक बहुपदी (आपसांत सहसंबंध नसलेली पदे) बनवते, साधे पीएच आणि त्याचा वर्ग नव्हे, त्यामुळे तिच्या गुणांकांना हे सूत्र लागूच होत नाही. रॉ = ट्रू लिहून पुन्हा चालवा; वक्र तोच राहील, गुणांक बदलतील.

शेवाळ: होय, पॉलीच होते! आता ८.४ आणि उणे ०.७, म्हणजे इष्टतम ६.० आणि सहनशीलता (वक्राची रुंदी) ०.८५. आभार, प्रश्न सुटला.

घातांक: इतक्यात नाही. तुमची माती ५.८ ला संपते आणि शिखर ६.० वर आहे, म्हणजे ते तुम्ही पाहिलेलेच नाही. बी२ ची प्रमाण त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता) किती?

शेवाळ: १.१.

घातांक: गुणांकापेक्षा त्रुटी मोठी, म्हणजे वक्र खाली वळतो याला पुरावा नाही. वर्गपद काढून एआयसी (प्रतिमानांच्या तुलनेचा निकष, कमी तितका चांगला) ताडून पाहा. १९९३ च्या हॉफ प्रतिमानांत (प्रजातींच्या प्रतिसादाच्या ठरावीक आकारांच्या वक्रांत) नुसत्या चढत्या वक्राचाही पर्याय आहे, तोही बसवून पाहा. इष्टतम मूल्य न देता, ५.८ पर्यंत प्रजाती आढळण्याची शक्यता वाढत जाते, एवढेच लिहावे.

वक्ररेषा: म्हणूनच मी गॅम सुचवला होता.

पाणकणीस: ५.८ च्या पलीकडचे गॅमलाही दिसत नाही.