अनुभव धागा : छतावरची कयाक, घाट आणि गाडीचे वजन

हौसेने गाडी चालवणाऱ्यांनी आणि कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) छतावर बांधून पाण्यापर्यंत नेणाऱ्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. रॅली, सर्किट, घाट, महामार्ग यांपैकी काहीही चालेल. मात्र त्यातून गाडीच्या वागण्याविषयी काय उमजले, ते अवश्य सांगावे. कोणत्या क्षणी कोणत्या चाकावर किती भार आहे याची ज्याला सतत जाण असते, त्यालाच मी चांगला चालक मानतो, आणि ही जाण छतावर ओझे असताना सर्वांत लवकर येते.

पुणे (धागाकर्ता)

आमची कयाक मुळशीच्या जलाशयावर किंवा ताम्हिणी उतरून कोलाडला जाते. मुळशीचे पाणी भिरा येथील वीजगृहातून कोलाडजवळून वाहणाऱ्या कुंडलिका नदीत सोडले जाते, त्यामुळे कोलाडला पाणी कधी वाढणार हे विचारूनच निघावे लागते. बहुतेक मोटारींच्या छतावर 50 ते 75 किलोंपर्यंतच भार चालतो आणि त्यात क्रॉसबारचे, म्हणजे छतावरच्या आडव्या दांड्यांचे, वजनही धरलेले असते; प्लास्टिकची एक कयाक 20 ते 30 किलोंची असल्याने दोन कयाक बांधल्या की मर्यादा जवळ येते. हे वजन एका प्रवाशाइतकेही नसते, पण ते उंचावर असल्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर गाडी नेहमीपेक्षा अधिक कलते. म्हणून ताम्हिणीत मी सगळे ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावरच लावून घेतो, दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो आणि स्टीअरिंग एकाच संथ हालचालीत वळवतो.

नाशिक

नाशिकच्या परिसरात झालेल्या रॅली मी रस्त्याकडेला उभे राहून पाहिल्या आहेत आणि पुढे हौशी ऑटोक्रॉसमध्येही (मोकळ्या मैदानावरच्या वेळेच्या शर्यतीत) गाडी चालवली आहे. धागाकर्त्यांचे म्हणणे बरोबर असले तरी अपुरे आहे, असे मला वाटते. मातीच्या रस्त्यावर वळणात शिरताना ॲक्सिलरेटर किंचित सोडला किंवा ब्रेक हलका धरून ठेवला की भार पुढच्या चाकांवर येतो, त्यांची पकड वाढते आणि गाडीचे तोंड वळते. एशिया-पॅसिफिक रॅली अजिंक्यपद 2013, 2016 आणि 2017 मध्ये जिंकणारा आणि 2019 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळवणारा गौरव गिल पाहावा. त्याच्या हातातली गाडी घसरताना दिसते, पण तो भार नेमका हवा तिथे नेत असतो. हेच कौशल्य छतावर कयाक असताना मात्र वापरू नये, कारण मागची चाके हलकी झाली आणि वरचे ओझे एका बाजूला झुकले, तर गाडी सावरायला घाटात जागाच नसते. मोटरस्पोर्टने मला ही मर्यादा ओळखायला शिकवले, आणि याच कारणासाठी प्रत्येक तरुण चालकाने बंदिस्त मैदानावर एकदा तरी गाडी घसरवून पाहावी.

कोइंबतूर

कारी मोटर स्पीडवेच्या सुमारे 2.1 किलोमीटरच्या सर्किटवर काही फेऱ्या झाल्या की ब्रेकचे पेडल खोल जाऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू घटतो आणि तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात; पेडल दाबले की आधी तेच दबतात. भरलेली गाडी घाट उतरताना हेच घडते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे.

डेट्रॉइट, अमेरिका

आम्ही लांब सागरी कयाक घेऊन मॅकिनॉ पुलावरून मिशिगनच्या उत्तर भागात जातो. 1957 मध्ये खुला झालेला हा सुमारे 8 किलोमीटरचा झुलता पूल दोन विशाल सरोवरांच्या सांध्यावर आहे, त्यामुळे वारा थेट बाजूने येतो. एरवी ताशी 45 मैल असलेली वेगमर्यादा जोराच्या वाऱ्यात 20 मैलांवर आणली जाते. आतल्या मार्गिकांचा पृष्ठभाग पोलादी जाळीचा असल्याने टायर किंचित भरकटल्यासारखे वाटतात, म्हणून कयाक असताना मी बाहेरची मार्गिका धरतो. अशा वाऱ्यात क्रॉसबारवरचे दोन पट्टे पुरेसे नाहीत. कयाकच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) आणि मागच्या टोकापासून गाडीच्या टो-हुकपर्यंत (गाडी ओढण्यासाठी असलेल्या आकड्यापर्यंत) दोर बांधलेच पाहिजेत.

मालवण

रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून आवळायचे) पट्टे कयाकसाठी वापरू नयेत, ही माझी कळकळीची सूचना आहे. ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात आणि उन्हात मऊ झालेल्या प्लास्टिकला कायमचा पोचा पडतो. साध्या बकलचा, हाताने ओढायचा पट्टा पुरतो. त्याला एक पीळ दिला की वाऱ्यात त्याची घरघरही थांबते.

पुणे (धागाकर्ता)

नाशिककरांची दुरुस्ती मान्य आहे. माझे म्हणणे ओझे लादलेल्या गाडीपुरतेच समजावे. निघाल्यावर पहिल्या 10-15 किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा तपासावेत, हेही यात जोडतो. ट्रेलरवरून होडी नेणाऱ्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. उतरत्या धक्क्यावर ट्रेलर मागे घेताना स्टीअरिंग कसे हाताळता, ते त्यांनी सविस्तर लिहावे.