मदत हवी आहे : साक्षीदाराला जबाब बदलता येतो का?

आमचे मामा पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध घालायला जातात. वाटेत त्यांनी खून होताना बघितला आणि पोलिसांना सांगितलं, "मी कायबी बघितलं न्हाई." मारणारा गल्लीतलाच. (गप्प बसा म्हणणारे आम्हीच.) आता मयताची आई दारावरून गेली की मामा हातातली किटली तिथंच ठेवून आत जातात. जेवण तर सुटलंच आहे.

पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, एवढं कळलं. मग नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर खरं सांगता येईल का? आधीच्या खोट्याबद्दल मामांवरच केस होईल? २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे कुणी अर्ज केलाय? चांगला फौजदारी वकील सुचवा. आमच्या पेठेतला नको.