शब्दचर्चा : ‘प्रस्थापित’

निवडणुकीच्या बातम्यांत ‘प्रस्थापितांना धक्का’ हा मथळा ठरलेला. शाळेत आम्ही ‘स्वराज्य प्रस्थापित केले’ असं शिकलो, तिथे ती अभिमानाची गोष्ट होती. मग माणसांना, तेही नाक मुरडून, प्रस्थापित कधीपासून म्हणू लागले?

— मुळात हे धातुसाधित विशेषण. ‘स्थित’ म्हणजे आपणहून उभा, ‘स्थापित’ म्हणजे कुणीतरी उभा केलेला. आता ‘प्रस्थापितांना’, ‘प्रस्थापितांचे’ असे विभक्तिप्रत्यय थेट लागतात. म्हणजे श्रीमंत, गरीब यांच्यासारखं ते नामही झालंय.

— ‘कुणीतरी उभा केलेला’ हे आवडलं. आमच्या काळी या शब्दाला डंख होता तो तिथेच. साठीच्या दशकात मी गिरगावात राहून कॉलेज करत होतो. आमच्या तोंडी प्रस्थापित म्हणजे पुढारी नव्हेत. मासिकांचे संपादक, समीक्षक, पाठ्यपुस्तकातले कवी. समोर अनियतकालिकं, म्हणजे तरुण लेखकांनी स्वतःच काढलेले छोटे अंक. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या कवींचं सायक्लोस्टाइल केलेलं (स्टेन्सिलवरून प्रती काढलेलं) ‘शब्द’ १९५४ मध्येच सुरू झालं होतं, पुढे अशोक शहाण्यांचं ‘असो’ आलं. ती बघून आमच्या टोळक्यानेही एक अंक काढला (नाव सांगण्यासारखं नाही). टाइपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिल कापायचं. बोट जरा जोरात पडलं की ‘ठ’चं पोट निखळायचं आणि कागदावर तिथे शाईचा गोळा! पैसे जमतील तेव्हा अंक, म्हणून ‘अनियत’. तेव्हा टपालाची सवलत हवी तर दोन अंकांत ३१ दिवसांहून जास्त अंतर नको आणि वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

१९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’ या तेव्हाच्या प्रतिष्ठित वाङ्मयीन मासिकाची होळी केली. मी तिथे नव्हतो. नंतर भेटलेला जो तो मात्र होता म्हणे! त्यानंतर कॉलेजच्या कट्ट्यावर हा शब्द सर्रास झाला. इतका की फी वाढली की प्राचार्य प्रस्थापित, उधारी बंद केली की इराणीही प्रस्थापित. १९७२ मध्ये ढाले, ढसाळ वगैरेंनी दलित पँथर उभारली आणि माझ्या समजुतीप्रमाणे शब्दाला खरं वजन तिथून आलं. संपादक मागे पडले. जात, जमीन, सत्ता पुढे आली. आजचे मथळे त्या अर्थाचे वारस आहेत, आमच्या कट्ट्याचे नव्हेत.

— काका, एक खवचट प्रश्न. ‘वाचा’ हे अनियतकालिक काढणाऱ्या भालचंद्र नेमाड्यांना २०१४चा ज्ञानपीठ मिळाला, कोलटकर-चित्र्यांना साहित्य अकादमी. हे आता कोण?

— विशेषण लावा, खुशाल. नाम म्हणून लावायचं तर एक कसोटी आहे : दुसऱ्याचं लिखाण अडवायची ताकद हाती आहे का? ‘सत्यकथा’वर राग होता तो ‘साभार परत’चा, म्हणजे लिखाण नाकारून परत पाठवण्याचा. कोलटकरांनी कुणाला काय परत पाठवलं?

— आणि विरुद्धार्थी शब्द ‘विस्थापित’ का? भाषणांत ही जोडी हमखास येते.

— यमकापुरती. विस्थापिताला जागेवरून हलवलेलं असतं. ज्याला जागा कधी मिळालीच नाही, त्याला हा शब्द लागू नाही. तिथे ‘वंचित’ बरोबर. आणि जे खरोखर हलवले गेले, त्या कोयनेकाठच्या लोकांना आमच्या सातारा भागात धरणग्रस्तच म्हणतात. विस्थापित हा सरकारी कागदावरचा.