उंदराच्या हृदयावरून माणसाचं कळतं का?

प्रश्न: आईला डाव्या बाजूच्या ब्रेस्ट कॅन्सरसाठी रेडिएशन चालूय, सात रस्ता चौकातून रोज रिक्षाने नेतो, वाचलं की हृदयावरचा परिणाम उंदरांवर तपासतात, पण त्यांचं हृदय मिनिटाला 500-600 वेळा धडधडतं, मग आपल्याशी कसं जुळणार?

उत्तर: माणसात त्रास दिसायला वर्षं जातात, उंदरात महिन्यांत कळतं, बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, स्नायूत फायब्रोसिस होतो, म्हणजे तो व्रणासारखा कडक होतो. पण साध्या उंदराच्या धमन्यांत चरबी सहसा साठतच नाही, त्यासाठी एपीओई जीन (रक्तातली चरबी साफ करायला मदत करणारं) काढलेले उंदीर लागतात, ही मर्यादा मोठीच आहे.

दुसरं उत्तर: माणसांचा आकडा आहे की, 2013 च्या अभ्यासात हृदयाला बसलेल्या सरासरी 1 ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) मागे हार्ट अटॅकसारखा धोका 7.4 टक्क्यांनी वाढलेला. श्वास रोखून रेडिएशन देतात का विचारा, छाती फुगली की हृदय लांब सरकतं.

प्रश्नकर्ता: आत्ताच आईनं पलंगावर पडून 20 सेकंद श्वास धरला, जमतंय. उद्या विचारतोच.