रिसोवर ३२ पृष्ठांचं चित्रपुस्तक: आकार, शिलाई आणि प्रतींचे क्रमांक

कागदकात्री
आर्ट बुक फेअरसाठी रेखाचित्रांचं पुस्तक करतेय. ३२ पृष्ठं, वेगळं मुखपृष्ठ, निळा आणि फ्लुरोसंट गुलाबी असे दोन रंग, १०० प्रती. मशीन ए३ रिसो (स्टेन्सिलने छापणारं डुप्लिकेटर), एका वेळी एकच ड्रम, म्हणजे एकच रंग. चित्रं पानाच्या कडेपर्यंत जातात, पण ए५ आकारात कडेला पांढरी पट्टी राहते. चाचणीत निळ्यावर मधोमध टायरसारखे पट्टेही उमटले. बांधणीला पिना माराव्यात की दोऱ्याने शिवावं? आणि प्रतींवर क्रमांक घालावेत का?

शाईघर
आकार आधी मनात ठरवू नका, मशीनवरून ठरवा. ए३ रिसोचं छपाईक्षेत्र जास्तीत जास्त २९१ × ४१३ मिमी असतं, म्हणजे पूर्ण ए५ ला ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारी जादा छपाई) मिळणारच नाही. कापल्यावर पान १४० × २०० मिमी होईल असं धरा. जोडपान, म्हणजे शेजारची दोन पानं मिळून, २८० × २००. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड देऊन अशी दोन जोडपानं एकाखाली एक ठेवली की २८६ × ४१२ होतात. लांबीत जेमतेम १ मिमी उरतो, तेव्हा फाइल बरोबर मधोमध हवी.

प्रतीला ए३ चे ४ ताव, १०० प्रतींना ४००. खराब होणारे धरून ४६० घ्या. ४ ताव, दोन बाजू, दोन रंग, म्हणजे मास्टर (छपाईचे स्टेन्सिल) १६. कागद अनकोटेडच, म्हणजे चकचकीत लेप नसलेला हवा. ही शाई कागदात मुरते, आर्ट पेपरवर ती ओलीच राहते.

पट्टे कागद ओढणाऱ्या रबरी रोलरचे आहेत. आधीच्या रंगाची ओली शाई तो उचलतो आणि पुढे उमटवत जातो. तो तावाच्या मधून धावतो, आणि या मांडणीत तिथेच घडी येते. म्हणून घडीलगत गच्च निळा ठेवू नका. गुलाबी आधी छापा, ताव एक दिवस राहू द्या, मग निळा. त्या निळ्याचा गडदपणाही ७५-८० टक्क्यांवर आणा. मागची बाजू छापण्याआधीही तेवढंच थांबा. रंग १-२ मिमी सरकतातच, त्यामुळे बारीक रेषेला दुसऱ्या रंगाची काटेकोर किनार देऊ नका.

आरीदोरा
शिवाच. पिना चालतात, पण गंजतात. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) मात्र आधी तपासा: तो ए३ च्या ४२० मिमीच्या बाजूला समांतर हवा, तरच घडीला समांतर येतो. आडवा आला तर घडी फुटते आणि पुस्तक मिटून राहत नाही.

चार ताव दोन जोडपानांमध्ये कापून झालेले १०० जीएसएमचे (चौरस मीटरला १०० ग्रॅम) आठ कागद एकात एक घातले की सर्वांत आतला जवळजवळ १ मिमी बाहेर डोकावतो. म्हणून शिवल्यानंतरच तिन्ही बाजू कापा, आणि अक्षरं बाहेरच्या कडेपासून ८ मिमी तरी आत ठेवा.

भोकं पाच: एक मधोमध, तिथून दोन्हीकडे ४५ आणि ८५ मिमीवर. आरी घडीच्या आतून बाहेर टोचा. मेण लावलेला १८/३ लिननचा दोरा, ६० सेंमी. एका टोकापासून मोजून तिसऱ्या, म्हणजे मधल्या भोकातून आतून बाहेर, दुसऱ्यातून आत, पहिल्यातून बाहेर, परत दुसऱ्यातून आत. मग तिसरं सोडून चौथ्यातून बाहेर, पाचव्यातून आत, चौथ्यातून बाहेर, शेवटी तिसऱ्यातून आत. दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आणून गाठ मारा. दोरा घडीच्या दिशेनेच ओढा, वर ओढलात तर भोक फाटतं.

पानोपानी
क्रमांक घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. अमेरिकन कलाकार एड रूशाने १९६३ साली 'ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स' या आपल्या छायाचित्र-पुस्तकाच्या ४०० प्रतींवर क्रमांक घातले, पुढे ती चूक असल्याचं स्वतःच सांगितलं. १९६७ च्या दुसऱ्या आवृत्तीवर क्रमांक नाहीत. कलाकार-पुस्तकाची, म्हणजे कलाकृती म्हणूनच केलेल्या पुस्तकाची ताकदच सहज हातात येण्यात आहे. शेवटच्या पानावर मात्र प्रकाशकाचं नाव, वर्ष, आवृत्ती, प्रतींची संख्या, कागद आणि छपाई लिहाच. ग्रंथालयाला नोंद करताना तेच लागतं.

किंमत ठरवताना दुकानाचं ४० ते ५० टक्के कमिशन धरा, आणि फेअरच्या टेबलावरही तीच किंमत ठेवा.

कागदकात्री
मनापासून आभार. मुखपृष्ठ पूर्ण निळं ठेवलं तर?

शाईघर
बोटांना लागेल, आणि शेजारच्या प्रतीलाही. त्याऐवजी १७०-१८० जीएसएमचा निळा कागदच घ्या आणि त्यावर थोडीच छपाई करा. चाळायला एक प्रत वेगळी काढून तिच्यावर तसं लिहा. गुलाबी उन्हात फिका पडतो, टेबल खिडकीजवळ असेल तर बाकीच्या प्रती खोक्यातच राहू द्या.