मोबाइलवर नेट चालू, डेस्कटॉपवर मात्र ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’ आणि आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा

ओसरी_२४
डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे. लॅन पोर्ट (नेटची केबल लावायची जागा) मदरबोर्डवरचाच, रिअलटेकचा, गिगाबिट (१००० एमबीपीएस). फायबरचा राउटर हॉलमध्ये आहे आणि तिथून आतल्या खोलीपर्यंत साधारण १५ मीटर कॅट ५ई केबल दाराखालून ओढलेली आहे. वायफायवर सगळे मोबाइल व्यवस्थित चालतात. डेस्कटॉपवर मात्र कालपासून कधी ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ येतं, काही सेकंदांनी ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’, मग परत अनप्लग्ड. मागचा लॅनचा दिवाही तसाच लागतो-विझतो. आयपी १६९.२५४.८३.१२ दिसतो, एरवी १९२.१६८.१ ने सुरू होणारा असायचा.

राउटर बंद-चालू करून झाला. ट्रबलशूटर ‘व्हॅलिड आयपी कॉन्फिगरेशन नाही’ एवढंच सांगतो. तीच केबल लॅपटॉपला लावली तर नेट चालतं, म्हणजे केबल ठीक असणार. मग पोर्ट जळाला का? की विंडोज फॉरमॅट करावं लागेल?

तांबेतार
फॉरमॅटचा विचार आधी डोक्यातून काढा, त्याचा इथे काही उपयोग नाही.

१६९.२५४ चा अर्थ समजून घ्या. कॉम्प्युटर नेटवर्कवर ‘मला पत्ता द्या’ अशी हाक देतो आणि राउटरमधला डीएचसीपी त्याला उत्तर देतो. ते उत्तर आलं नाही की विंडोज स्वतःच या मालिकेतला एक पत्ता घेऊन बसतं. म्हणजे बिघाड इंटरनेटचा नाही, तुमच्या कॉम्प्युटर आणि राउटरच्या मधला आहे. डीएनएस बदला, ब्राउझरची कॅश साफ करा, विनसॉक रिसेट करा हे सल्ले इथे लागू नाहीत.

पुढची तपासणी या क्रमाने करा:

१. शट डाउन करा, केबल काढा, एसएमपीएसचं (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं) मागचं बटण बंद करा आणि पॉवर बटण १५ सेकंद दाबून धरा. नुसत्या शट डाउनने लॅनच्या चिपचा वीजपुरवठा पूर्ण तुटत नाही आणि अडकलेली चिप तशीच अडकून राहते.

२. मोबाइल यूएसबीने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट आलं तर विंडोज बहुधा निर्दोष.

३. लॅनच्या आयपीव्ही४ सेटिंगमध्ये हाताने पत्ता द्या: आयपी १९२.१६८.१.२००, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ (तुमच्या राउटरचा वेगळा असेल तर तो). मग गेटवेला, म्हणजे राउटरच्या पत्त्याला, पिंग करा (कमांड प्रॉम्प्टमध्ये ping आणि पुढे तो पत्ता; समोरून उत्तर येतं का ते कळतं). उत्तर आलं तर दोष डीएचसीपीचा. ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर दोष तारेत किंवा पोर्टमध्ये.

जोडणी_घर
लॅपटॉप चालला म्हणून केबल निर्दोष ठरत नाही. नेमकं इथेच लोक चांगला मदरबोर्ड मोडीत काढतात.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोनच लागतात, नारिंगी आणि हिरवी. गिगाबिटला निळी आणि तपकिरीही लागते. दोन्ही टोकं आपला वेग एकमेकांना कळवतात (यालाच ऑटो निगोशिएशन म्हणतात) ते नारिंगी-हिरव्या जोड्यांवरून. त्या शाबूत असतील तर दोघं ‘गिगाबिट’ ठरवतात, पण प्रत्यक्ष जोडणी करताना निळी किंवा तपकिरी तार तुटलेली निघते आणि लिंक पडते. मग पुन्हा पहिल्यापासून. काही कार्डं दोन-चारदा हरल्यावर आपणहून १०० वर उतरतात, काही उतरतच नाहीत. तुमचा लागता-विझता दिवा मला तरी हेच सांगतोय. पोर्ट जळलेला असता तर बहुधा दिवा लागलाच नसता.

लॅपटॉपला तीच केबल लावून सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ बघा. मग लॅपटॉप राउटरशेजारी नेऊन दुसऱ्या आखूड केबलने, राउटरच्या त्याच पोर्टला लावून बघा. दोन्ही आकडे सांगा.

ओसरी_२४
लांब केबलवर १००/१००, आखूडवर १०००/१०००. टेदरिंगने डेस्कटॉपवर नेट आलं. हाताने पत्ता दिल्यावर पिंगला ‘अनरीचेबल’च येतं.

जोडणी_घर
मग केबलच. खात्री करून घ्या: डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, रिअलटेकवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, ‘स्पीड अँड डुप्लेक्स’. तिथे ‘ऑटो निगोशिएशन’ऐवजी ‘१०० एमबीपीएस फुल डुप्लेक्स’ निवडा. नेट आलं तर निकाल लागला.

पण हे तसंच ठेवू नका. काही कार्डांत यामुळे ऑटो निगोशिएशन पूर्ण बंद होतं, समोरचा राउटर हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच दिशेने डेटा) धरून बसतो आणि नेट रखडत चालतं. शिवाय प्लॅन २०० एमबीपीएसचा असला तरी ९४ च्या आसपासच मिळेल.

तांबेतार
आणि हाताने दिलेला पत्ता काढून आयपीव्ही४ परत ‘ऑटोमॅटिक’वर आणा. हे राहून जातं, मग राउटर बदलला की तोच कॉम्प्युटर पुन्हा बंद.

ओसरी_२४
१०० केल्यावर लगेच नेट आलं, वेग ९३ दिसतो. दाराखाली केबल चपटी झालेली आहे. आता दोन्ही टोकांचे कनेक्टर बदलून भागेल का?

क्रिंपर
दोष कनेक्टरमध्ये असेल तरच भागेल. चपट्या जागी तार आतून तुटली असेल तर नवीन कनेक्टरचा काही फायदा नाही. खात्री करायची तर लॅन टेस्टर लावा. १ ते ८ दिवे क्रमाने लागायला हवेत. ४, ५ चे न लागले तर निळी जोडी गेली, ७, ८ चे न लागले तर तपकिरी. तुटकी जागा मात्र साधा टेस्टर दाखवत नाही, त्यामुळे दाराखाली दबलेल्या केबलवर मी वेळ घालवणार नाही, सरळ नवीन टाकेन.

घेताना ‘प्युअर कॉपर’ लिहिलेली घ्या. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो आणि ती वाकवल्या-दाबल्यावर लवकर तुटते. कॅट ५ई पुरे, गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं. स्वतः क्रिंप करणार (केबलला कनेक्टर दाबून बसवणार) असाल तर दोन्ही टोकांना हाच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळा हिरव्यांच्या मध्येच येतो. रंगामागे रंग लावून टाकले तर टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण जोड्या फुटतात आणि नेट अधूनमधून तुटतं. उलगडलेली तार १३ मिलीमीटरहून जास्त ठेवू नका आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलंय ना, ते बघा.

केबल दाराखालून न नेता चौकटीच्या वरून क्लिपांनी न्या. नवीन केबल लागली की स्पीड अँड डुप्लेक्स परत ऑटोवर.