कार्यालयात ‘तुमच्या समाजात असं असतं ना?’ असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांशी कसे बोलावे?

प्रश्न
मी चिपळूणची, कोकणी मुसलमान कुटुंबातली. सध्या अंधेरीतील एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, तरीही नवा माणूस भेटला की माझ्या मराठीचे नवल करतो. डब्यात तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे असले तरी ‘आज मटण नाही का?’ ही विचारणा ठरलेली. कुठे स्फोटाची बातमी आली की जेवणाच्या टेबलावरचे बोलणे थांबते आणि ‘तुमच्या समाजात याबद्दल काय म्हणतात?’ असे मला विचारले जाते. मणिपूरहून आलेल्या एका सहकाऱ्याला तर सगळे ‘चिनी’ म्हणूनच हाक मारतात. तो हसून सोडून देतो, पण हल्ली एकटाच जेवतो. माझे मूल्यमापन करणारे वरिष्ठही या हसण्यात सामील असतात. संबंध न बिघडवता हे थांबवता येईल का?

प्रतिसाद १
ताई, बोलणाऱ्याचा हेतू वाईट होता की नव्हता, या वादात शिरू नका. तो वाद कधीच संपत नाही. ‘मीही ती बातमी तुमच्यासारखीच सकाळी वाचली, मला वेगळे काय ठाऊक असणार?’ एवढे शांतपणे म्हणा आणि जेवायला लागा. सबंध समाजाच्या वतीने खुलासा देण्याची जबाबदारी तुमच्यावर कोणीही टाकलेली नाही.

मला अधिक घातक वाटते ती स्तुती. ‘तू त्यांच्यातली वाटतच नाहीस’ असे कोणी प्रेमाने म्हटले की बरे वाटते, आपण हसून मान डोलावतो, आणि त्याच क्षणी बाकीच्यांविषयीचा तो समज आपणही मान्य केला असे समोरच्याला वाटते. अशा वेळी ‘मी त्यांच्यातलीच आहे, आमच्या घरचे सगळे असेच आहेत’ हे न चिडता, पण लगेच सांगायला हवे. हे अवघड आहे, कारण समोरच्याने चांगल्या मनाने दिलेली वस्तू परत करावी लागते.

प्रतिसाद २
मी एचआर विभागात काम करतो, म्हणून कायद्याची बाजू सांगतो. राज्यघटनेची कलमे १५ आणि १६ मुख्यतः शासनाला बांधतात. खासगी नोकरीत धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध आपल्याकडे सर्वंकष कायदा नाही, आणि २०१३ चा कायदा केवळ लैंगिक छळापुरता आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३०२ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणाऱ्या शब्दांसाठी आहे, पण तो हेतू सिद्ध करावा लागत असल्याने रोजच्या टोमण्यांवर ते फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे तुमचा खरा आधार म्हणजे कंपनीची आचारसंहिता. ती वाचा, आणि प्रत्येक प्रसंगाची तारीख, नेमके शब्द व हजर असलेल्यांची नावे स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. वरिष्ठच सामील असल्याने तक्रार त्यांच्याकडे न देता एचआरकडे लेखी द्या.

प्रतिसाद ३
पहिल्या प्रतिसादातला सल्ला योग्य आहे, पण सगळे ओझे या ताईंवरच का? त्या टेबलावर माझ्यासारखे हिंदू मराठी लोकही बसलेले असणार. ‘हे तिलाच का विचारतोस?’ एवढे वाक्य आमच्यापैकी एकाने म्हटले तर त्याला मूल्यमापनाची भीती तितकी नसते. आणि ‘चिनी’ ही हाक किरकोळ समजू नये. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या रूपावरून झालेली टवाळी मारहाणीपर्यंत गेली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने अशा वांशिक अवमानाला फौजदारी गुन्हा ठरवण्याची शिफारस केली होती.

प्रश्नकर्तीचे उत्तर
सर्वांचे आभार. मणिपूरच्या सहकाऱ्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने मी काही लिहिणार नाही. आधी त्याच्यासोबत जेवायला बसेन. माझे मूल्यमापन पुढच्या महिन्यात आहे. तक्रार त्याआधी द्यावी की नंतर?

प्रतिसाद २
आधीच द्या, आणि पोच घ्या. नंतर दिलीत तर गुण कमी मिळाल्याचा राग काढला, असे म्हणायला वरिष्ठांना जागा राहते.